रोटाव्हेपर वापरताना या चुका टाळा

रोटाव्हेपरवर, म्हणजे फिरत्या फ्लास्कमधल्या द्रावणातून कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, बिघडणाऱ्या कामांपैकी बहुतेकांचे मूळ एकच असते: द्रावक लवकर उडावे म्हणून सुरुवातीलाच लावलेला पूर्ण व्हॅक्यूम. दाब झपाट्याने उतरला की द्रावकाचा उत्कलनबिंदू क्षणात द्रावणाच्या तापमानाखाली येतो आणि फ्लास्कमधले द्रावण उसळून थेट कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून द्रव करणाऱ्या भागात, जाते. यालाच आपण बंपिंग म्हणतो.

माझ्यासोबत काम करणाऱ्या एका नवख्या संशोधकाने शेवटच्या टप्प्यातले संयुग कॉलमवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीत, वेगळे केले होते. तीन आठवड्यांच्या कामातून जेमतेम दीड ग्रॅम पदार्थ हाती आला होता. डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉलमधले 200 मिली द्रावण त्याने 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये ओतले, फ्लास्क आधी गरम बाथमध्ये उतरवला आणि हवा आत सोडणारी चावी एका दमात बंद केली. फ्लास्क फिरू लागण्याआधीच पिवळे द्रावण कंडेन्सरच्या वेटोळ्यांवर चढले आणि तिथून रिसीव्हरमध्ये, म्हणजे उडालेले द्रावक जमा होणाऱ्या फ्लास्कमध्ये, ओघळले, जिथे आदल्या दिवसाचे कुणाचे तरी द्रावक तसेच पडून होते. उसळलेले द्रावण अडवणारा बंप ट्रॅप धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवलेला होता. सगळे गोळा करून घेतलेल्या टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या चाचणीवर) एकाऐवजी तीन ठिपके दिसले. कॉलम पुन्हा चालवावा लागला आणि निम्म्याहून कमी पदार्थ परत मिळाला.

म्हणून मी फ्लास्क कधीही निम्म्याहून जास्त भरत नाही, आणि बंप ट्रॅप लावल्याशिवाय व दुसऱ्याचा रिसीव्हर रिकामा करून धुतल्याशिवाय यंत्र सुरू करत नाही. फ्लास्क बाथच्या वरच ठेवून आधी फिरवायला लावावा, मग हात चावीवर ठेवून दाब हळूहळू उतरवावा, फेस वर चढू लागला तर किंचित हवा आत सोडावी, आणि उकळी शांत झाल्यावरच फ्लास्क बाथमध्ये टेकवावा. काम संपल्यावर क्रम उलटा: फ्लास्क बाथमधून वर घ्यावा, फिरणे थांबवावे, आणि एका हाताने फ्लास्क धरून मगच हवा सोडावी. यात पाच मिनिटे जास्त जातात, आणि ती वाचवू पाहणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

दुसरी चूक म्हणजे द्रावक उडत नाही असे दिसताच बाथचे तापमान वाढवत नेणे. बाथ, वाफ आणि कंडेन्सरमधले थंड पाणी यांत प्रत्येकी 20 अंशांचे अंतर असावे: बाथ 60, वाफ 40, पाणी 20 किंवा त्याहून थंड. वाफेचे हे 40 अंश दाबाने साधायचे असतात. इथेनॉलसाठी तो सुमारे 180 मिलिबार, टोल्युईनसाठी सुमारे 80 आणि पाण्यासाठी सुमारे 74 मिलिबार लागतो. डायक्लोरोमिथेन तर वातावरणाच्या दाबालाच 40 अंशांना उकळते. त्यावर 10 मिलिबारचा व्हॅक्यूम लावला तर वाफ कंडेन्सरमध्ये न थांबता पंपातून बाहेर जाते.

दाब उतरतच नसेल तर गळती शोधण्याआधी रिसीव्हर पाहावा. त्यात आधीचे ईथर शिल्लक असेल तर ते उडून जाईपर्यंत दाबमापकाचा काटा अडून राहतो, आणि लोक मात्र सांध्यांना ग्रीस फासत बसतात. रिसीव्हर कोरडा असेल तर रिकामा फ्लास्क लावून दाब उतरवावा आणि पंपाकडची चावी बंद करावी. दाब पुन्हा वाढू लागला तर गळती नक्की आहे. मी आधी फिरत्या नळीभोवतीचे सील तपासतो, कारण झिजते तेच.

चांदणीसारखा तडा गेलेला किंवा सपाट बुडाचा फ्लास्क व्हॅक्यूमखाली लावू नये, कारण तो आतल्या बाजूला फुटतो. ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक) त्यांत साठणाऱ्या स्फोटक पेरॉक्साइडची चाचणी न करता कधीही कोरडे होईपर्यंत उडवू नयेत. मिळवायचे संयुग स्वतःच बाष्पनशील असेल तर मोठ्या व्हॅक्यूमचा मोह टाळावा.

तेलकट अवशेष दिसला की काम झाले असे समजणे हीदेखील नेहमीची चूक आहे. त्यात इथाइल ॲसिटेट हे द्रावक अडकून राहते. वजन जास्त भरते आणि क्लोरोफॉर्म-डी या द्रावकात घेतलेल्या एनएमआरवर (रेणूची रचना दाखवणाऱ्या आलेखावर) 4.12, 2.05 आणि 1.26 पीपीएम या जागी त्याच्या रेषा दिसतात. मी थोडे डायक्लोरोमिथेन घालून दोनदा उडवतो, आणि लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत फ्लास्क पुन्हा पुन्हा पंपावर लावतो.