‘रन’ चा नेमका अर्थ कसा पकडावा
इंग्रजीतल्या ‘रन’ (run) या क्रियापदाचे सगळे अर्थ पाठ करत बसू नका. आधी कर्ता पाहा: माणूस धावतो, नाक वाहतं, धुताना कपड्याचा रंग जातो. मग कर्म आहे का ते बघा. ‘रन अ शॉप’ म्हणजे दुकान चालवणं. खरी फसगत होते ती मागून येणाऱ्या छोट्या शब्दांमुळे. ‘रन इनटू’ नंतर माणूस असेल तर अचानक गाठ पडणं, अडचण असेल तर तिच्यात सापडणं. ‘रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपणं. इथे ‘आउट’ चा ‘बाहेर’ असा अर्थ धरला की वाक्य हातचं गेलंच. अशा जोड्या बहुतेक शब्दकोशांत नोंदीच्या शेवटी वेगळ्या दिलेल्या असतात, म्हणून पहिल्याच अर्थावर थांबू नका. वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य उतरवा.