सॉल्व्हर सुरू करण्यापूर्वी: विखुरलेल्या क्लाउड नेटवर्कसाठी तयारीची यादी

अनेक रीजनमध्ये (डेटा सेंटर असलेल्या वेगवेगळ्या भौगोलिक भागांत) विखुरलेल्या क्लाउड नेटवर्कचे नियोजन अटींवर आधारित ऑप्टिमायझेशनकडे (अटी पाळून सर्वोत्तम वाटप शोधण्याच्या गणिती पद्धतीकडे) आणि एआयकडे सोपवायचे ठरले, की चर्चा लगेच सॉल्व्हर, म्हणजे असे वाटप शोधणारा प्रोग्रॅम, कोणता घ्यावा आणि अंदाजासाठी मॉडेल कोणते वापरावे याकडे वळते. माझ्या मते ही दोन्ही कामे यादीत बरीच खाली असायला हवीत. सॉल्व्हर लिहिलेली अट काटेकोरपणे पाळतो. पण जी अट कोणी लिहिलीच नाही ती मोडून थोडी जरी बचत होत असली, तरी तो ती मोडतो. म्हणून तयारीचा बराचसा वेळ अटी शोधण्यात, नोंदवण्यात आणि तपासण्यात जावा, या बेताने पुढील कामे लावली आहेत.

सर्वप्रथम साधनसामग्रीची नोंद ताडून पाहावी. प्रत्येक नोडचे (सर्व्हरचे) प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क, तसेच प्रत्येक लिंकची बँडविड्थ आणि लेटन्सी (डेटा पोहोचायला लागणारा वेळ) एकाच ठिकाणी, एकाच एककात हवी. कुबरनेटिसमध्ये (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीत) ‘२५०एम’ म्हणजे पाव कोअर, तर मेमरीसाठी ‘जी’ (दशमान) आणि ‘जीआय’ (द्विमान) ही दोन निराळी एकके चालतात आणि त्यांच्यात सुमारे ७.४ टक्क्यांचा फरक असतो. एका फाइलमध्ये एक आणि दुसरीत दुसरे एकक राहिले, तर कागदावर बसणारे वाटप प्रत्यक्षात बसत नाही. नोडची एकूण क्षमता आणि वाटता येण्याजोगी क्षमता याही वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि कुबलेटसाठी (नोडवरची कामे चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या प्रोग्रॅमसाठी) राखून ठेवलेला भाग आधीच वजा करावा. गूगलच्या ओआर-टूल्स या ऑप्टिमायझेशन साधनसंचातील सीपी-सॅट सॉल्व्हर केवळ पूर्णांकांवर काम करतो, त्यामुळे कोअरचे मिलिकोअर आणि गिगाबिटचे मेगाबिट करून घेणे हेही तयारीतच मोडते.

लिंकच्या बाबतीत नकाशावरच्या रेषांवर भरवसा ठेवू नये. दोन रीजनमध्ये दोन स्वतंत्र लिंक आहेत असे नोंदीत दिसते, पण दोन्ही फायबर एकाच डक्टमधून किंवा एकाच पुलावरून जात असतील तर एका खोदकामात दोन्ही जातात. अशा एकत्र तुटू शकणाऱ्या लिंकचे गट करून घ्यावेत आणि अपयशाची अट लिंकवर न लावता गटावर लावावी. लेटन्सीची अट लिहिताना भौतिक मर्यादाही तपासावी. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरच्या फायबरवर जाऊन परत येण्यास किमान १० मिलिसेकंद लागतातच. कोणी याहून कमी मागत असेल, तर ती मागणी सॉल्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच परत पाठवावी.

यानंतर अटी गोळा कराव्यात, आणि या कामात कुठेही काटकसर करू नये. काही अटी कॉन्फिगरेशनमध्ये असतात, काही करारांत, काही डेटा कोणत्या देशाबाहेर जाऊ नये अशा कायद्यांत, आणि पुष्कळशा केवळ अनुभवी ऑपरेटरांच्या डोक्यात. शेवटच्या प्रकारासाठी जुन्या बिघाडांचे अहवाल एकेक करून वाचावेत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा: कोणती अट लिहिलेली असती तर हे घडले नसते? २ जून २०१९ रोजी गूगल क्लाउडमध्ये झालेला बिघाड या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. देखभालीच्या स्वयंचलित यंत्रणेने नेटवर्कच्या कंट्रोल प्लेनची (ट्रॅफिकचे मार्ग ठरवणाऱ्या भागाची) कामे एकाच वेळी अनेक ठिकाणी थांबवली. ती देखभालीच्या वेळी थांबवता येतील अशी नोंद कॉन्फिगरेशनमध्ये होती, आणि ठिकठिकाणची कामे एकदम थांबवण्यापासून यंत्रणेला रोखणारे काही नव्हते. नेटवर्क चालवणारी यंत्रणाही अटींच्या कक्षेत येते, हे यातून नोंदवून घ्यावे.

प्रत्येक अट कठोर की लवचीक, हे तिच्या मालकाकडून लेखी घ्यावे. कुबरनेटिसमधील टोपॉलॉजी स्प्रेडच्या (प्रती वेगवेगळ्या ठिकाणी पसरवण्याच्या) नियमात हा निर्णय ‘डू-नॉट-शेड्यूल’ (नियम पाळता येत नसेल तर बसवू नका) आणि ‘शेड्यूल-एनीवे’ (तरीही बसवा) या दोन पर्यायांतून स्पष्टपणे घ्यावा लागतो; तशीच शिस्त सर्वत्र हवी. हा नियम पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) नोडवर बसवतानाच लागू होतो, पॉडला जागा देणारा शेड्यूलर चालू पॉड नंतर आपणहून हलवत नाही, हेही विसरू नये. सगळ्याच अटी कठोर ठरवल्या तर उत्तरच सापडत नाही, आणि सगळ्याच लवचीक केल्या तर सर्वांत महत्त्वाची अटही किमतीच्या तराजूत जाते.

अट शब्दांत जितकी सोपी वाटते तितकी ती आकड्यांत नसते, यासाठी एक उदाहरण पुरे आहे. ‘एक झोन गेला तरी सेवा पूर्ण भार पेलू शकली पाहिजे’ असे धोरण आहे (झोन म्हणजे रीजनमधील स्वतंत्रपणे चालणारा विभाग) आणि पूर्ण भाराला सेवेच्या सहा प्रती लागतात असे धरू. तीन झोनमध्ये दोन-दोन प्रती ठेवल्या तर वाटणी समान दिसते, पण एक झोन जाताच चारच उरतात. खरी अट अशी लिहावी लागते: कोणताही एक झोन वगळल्यास बाकीच्या झोनमधील प्रतींची बेरीज सहापेक्षा कमी नसावी. मग प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण नऊ प्रती लागतात; जादा क्षमता ५० टक्के. झोन दोनच असतील तर ती १०० टक्के होते आणि चार असतील तर आदर्श वाटणीत सुमारे ३३ टक्के. हा हिशेब खर्चाला मंजुरी देणाऱ्यांसमोर आधीच ठेवावा, नाहीतर पुढे हीच अट ‘तात्पुरती’ सैल करण्याचा दबाव येतो.

उद्दिष्ट ठरवताना खर्च, लेटन्सी आणि हलवाहलव यांना मनाने वजने देऊन एकच बेरीज करण्याचा मोह टाळावा. त्यापेक्षा प्राधान्यक्रमाने सोडवणे मला अधिक विश्वासार्ह वाटते: आधी अटींचा भंग किमान करावा, मग तो आकडा गोठवून खर्च किमान करावा, आणि शेवटी स्थलांतरे. स्थलांतरांची किंमत मात्र गाळू नये. ती गाळल्यास दर फेरीला किंचित स्वस्त उत्तर मिळते आणि पॉड दिवसभर इकडून तिकडे फिरत राहतात.

एआयचे काम येथून सुरू होते, आणि त्याची पहिली तयारी म्हणजे डेटाची पारख. भरलेल्या लिंकवर जेवढा ट्रॅफिक वाहिला तेवढाच मोजला जातो. जो अडला, गळला किंवा पाठवणाऱ्याने आपणहून कमी केला तो दिसत नाही. अशा मोजमापांवर शिकलेले मॉडेल नेमके गर्दीच्या ठिकाणी मागणी कमी असल्याचे सांगते. म्हणून लिंक भरलेली होती तो काळ डेटात वेगळा खुणावून ठेवावा. तसेच एखाद्या रीजनकडून मोजमाप आले नाही, तर त्याचा अर्थ शून्य भार असा कधीही घेऊ नये; ‘माहिती नाही’ ही स्वतंत्र स्थिती ठेवावी आणि त्या काळात तेथील क्षमतेला हात लावू नये, अशी कठोर अटच घालावी. अंदाज सरासरीचा न मागता वरच्या शतमानाचा (मागणी क्वचितच ओलांडेल अशा पातळीचा) मागावा, कारण क्षमता कमी पडते ती गर्दीच्या वेळी.

एआयच्या अधिकाराची सीमा लेखी असावी. मॉडेलने अंदाज द्यावा, सॉल्व्हरला सुरुवातीचे चांगले उत्तर सुचवावे, कोणते पर्याय आधी पाहावेत हे सांगावे. अंतिम उत्तर मात्र अटींच्या तपासणीतून गेल्याशिवाय नेटवर्कपर्यंत पोहोचू नये. डीपमाइंड या एआय कंपनीने २०१८ मध्ये गूगलच्या डेटा सेंटरमधील शीतकरण थेट एआयकडे दिले, तेव्हाही सुचवलेली प्रत्येक कृती सुरक्षिततेच्या अटींवर आधी तपासली जाई आणि स्थानिक नियंत्रण यंत्रणा ती पुन्हा पडताळून पाही. उत्तर शोधण्यापेक्षा ते तपासणे पुष्कळच सोपे असते, त्यामुळे हा तपासनीस प्रोग्रॅम लहान ठेवता येतो. तो मॉडेल लिहिणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणी लिहावा. भाषा मॉडेलकडून धोरणाचे रूपांतर अटींच्या कोडमध्ये करून घ्यायचे असेल, तर प्रत्येक अटीसोबत दोन छोटी उदाहरणे आधी हाताने तयार ठेवावीत: एक जे मान्य झालेच पाहिजे आणि एक जे नाकारले गेलेच पाहिजे. दुसरे उदाहरण जास्त उपयोगी ठरते.

सॉल्व्हरची निवड आता सोपी होते. मोठ्या समस्येत सिद्ध झालेले सर्वोत्तम उत्तर वेळेत मिळेलच असे नाही, म्हणून वेळेची मर्यादा घालावी आणि प्रत्येक निकालाचे पुढे काय करायचे ते ठरवून ठेवावे. सर्वोत्तम उत्तर, केवळ चालणारे उत्तर, उत्तरच शक्य नसणे आणि वेळ संपेपर्यंत काहीच हाती न लागणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर शक्य नसल्यास कोणत्या अटी एकमेकींशी भिडतात हे ऑपरेटरला नावानिशी दिसले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक अटीला वाचता येईल असे नाव सुरुवातीलाच द्यावे.

चांगले उत्तर मिळाले तरी जुन्या स्थितीतून नव्या स्थितीत जाताना मधल्या प्रत्येक टप्प्यावर अटी टिकतात का, हे तपासावे. मायक्रोसॉफ्टच्या स्वान या २०१३ च्या संशोधनात दाखवले आहे, की प्रत्येक लिंकवर ठरावीक हिस्सा मोकळा ठेवल्यास कोंडी न होता बदल मोजक्या टप्प्यांत पूर्ण करता येतो; १० टक्के मोकळे असल्यास जास्तीत जास्त नऊ टप्पे लागतात. त्यामुळे ती मोकळी जागा वाया गेलेली न मानता अट म्हणून लिहावी. सॉल्व्हर किंवा मॉडेल बंद पडल्यास नेटवर्कने शेवटच्या मान्य स्थितीवर स्थिर राहावे, आणि हे चाचणीत मुद्दाम बंद पाडून पाहावे.

सुरुवातीचा काही काळ शिफारशी फक्त नोंदवाव्यात, लागू करू नयेत, आणि ऑपरेटरने जिथे वेगळा निर्णय घेतला तिथे त्याचे कारण विचारावे. बहुतेक वेळा त्यातून न लिहिलेली एखादी अट हाती लागते. प्रत्यक्ष अधिकार द्यायचा तो एका लहान झोनपासून, आणि एका फेरीत किती बदल करता येतील यावर कमाल मर्यादा घालून. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आदेशाने फेसबुकचे जागतिक बॅकबोन (डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य नेटवर्क) तुटले. तो आदेश रोखण्यासाठी असलेल्या तपासणी साधनात दोष होता, आणि दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. त्यामुळे ऑप्टिमायझर थांबवण्याचा आणि मागचे कॉन्फिगरेशन परत आणण्याचा मार्ग तो ज्या नेटवर्कचे नियोजन करतो त्यावरून जाऊ नये. तो पूर्णपणे वेगळा असावा, आणि रात्रपाळीवरील व्यक्तीने तो एकदा स्वतः वापरून पाहिलेला असावा.