रचना बदलूनही गोल का खावे लागतात? बचाव लवचिक करताना या चुका टाळा

प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ तासन् तास पाहणारी माणसं आज प्रत्येक मोठ्या फुटबॉल क्लबात असतात. तुमचा डावा फुल-बॅक (बाजूचा बचावपटू) कधी वर जातो, कॉर्नरला गोलच्या जवळच्या खांबाशी कोण उभं राहतं, हे त्यांना सामन्याआधीच पाठ झालेलं असतं. मग एखादा प्रशिक्षक चार जणांची बचावफळी मोडून तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) उतरवतो आणि तरीही गोल होतात. बदललेला असतो फक्त आकडा. चेंडूवर कोण जाणार आणि त्याची जागा कोण घेणार, ही उत्तरं जुनीच राहिलेली असतात.

एकदा बदललं की काम झालं, असं समजणं

सप्टेंबर 2016 मध्ये आर्सेनलकडून 3-0 हरल्यावर चेल्सीचे प्रशिक्षक अंतोनियो कोंते 3-4-3 कडे (तीन बचावपटू, चार मधले, तीन आक्रमक) वळले आणि संघाने इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सलग 13 सामने जिंकले. ही मालिका तोडली टॉटनहॅमने, 4 जानेवारी 2017 रोजी, 2-0 असा विजय मिळवून. दोन्ही गोल जवळजवळ एकसारखे होते: एरिक्सनचा क्रॉस (बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू) आणि डेली अलीचं हेडर. जागाही तीच, उजवीकडचा सेंटर-बॅक आस्पिलिक्वेता आणि विंग-बॅक (कडेने पुढे-मागे धावणारा खेळाडू) मोझेस यांच्या पट्ट्यात.

चेल्सीने पुढे लीग जिंकली, म्हणजे पद्धत वाईट नव्हती. पण तीन महिने एकच चित्र दिसलं की समोरचा त्यातली फट शोधणारच. अशा वेळी पूर्ण रचना उलथवू नका. दूरच्या बाजूने क्रॉस येताना विंग-बॅकने किती आत सरकायचं, हेडरला जोरदार असलेल्या माणसाशी कोणी भिडायचं, एवढंच प्रतिस्पर्धी पाहून बदला. रचना तीच आणि जबाबदाऱ्या वेगळ्या, हा बदल व्हिडिओवरून ओळखणं फार कठीण जातं.

चेंडूवर दबाव नसताना बचावफळी वर ठेवणं

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच.

ऑक्टोबर 2024 मध्ये हान्सी फ्लिक यांच्या बार्सिलोनाने बर्नाबेऊ या त्यांच्याच मैदानावर रेआल माद्रिदला 4-0 हरवलं. माद्रिदचे खेळाडू 12 वेळा ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे) सापडले, त्यातला एकटा एम्बापे 8 वेळा. ते पाहून अनेकांनी बचावफळी पुढे सरकवण्याचा धडा घेतला. खरी गोष्ट मैदानाच्या पुढच्या भागात घडत होती: पास देणाऱ्याला मान वर करायला वेळच मिळत नव्हता.

त्याच संघाचं मे 2025 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत काय झालं तेही पाहा. इंटर मिलानविरुद्धच्या, मिलानमधल्या दुसऱ्या सामन्यात इंटरच्या दिमार्कोने मधल्या भागात चेंडू हिसकावला, लगेच डमफ्रीसला मोकळ्या जागेत सोडलं आणि लाउतारोने गोल केला. चेंडू गेला त्या क्षणी दबाव टाकायला जवळ कोणी नव्हतं आणि मागे मोठं मैदान रिकामं होतं. इंटरने ती लढत दोन सामने मिळून 7-6 अशी जिंकली.

म्हणून चारही बचावपटूंना एक खूण शिकवा. चेंडूवाल्याची पाठ आपल्या गोलकडे असेल किंवा त्याच्या अंगावर आपला माणूस असेल, तर वर चढा. त्याने मोकळेपणी मान वर केली, की पास सुटण्याआधीच मागे वळून धावा. ही हाक एकानेच द्यायची, शक्यतो आधी ठरवलेल्या एका सेंटर-बॅकने. दोघांनी दिली की एक जण हमखास मागे राहतो आणि ऑफसाइडचा सापळा फसतो.

आपल्याकडे, मुंबई-गोव्याच्या दमट हवेत, पूर्ण 90 मिनिटं धावून दबाव टाकणं अंगावर येतं. पुढचे खेळाडू थकले की फळीनेही दहा-पंधरा मीटर खाली यायला हवं. पुढे दमलेले आणि मागे अजून वरच उभे, असं झालं की शेवटच्या वीस मिनिटांत पाठीमागून गोल होतात.

भूमिका आधी ठरवून माणूस मग शोधणं

2022-23 मध्ये मँचेस्टर सिटीचा जॉन स्टोन्स चेंडू आपल्याकडे असताना रोद्रीच्या शेजारी मिडफिल्डमध्ये जायचा आणि चेंडू गेला की बचावफळीत परतायचा. हे जमलं, कारण दबावाखाली वळून पास देणं त्याला येत होतं आणि मागे अकांजी, दियास, आके हे तिघेही मूळचे सेंटर-बॅक होते. हीच चाल, पहिला स्पर्श जड असलेल्या खेळाडूवर लादली, तर नेमका मैदानाच्या मध्यात चेंडू जातो. आधी आपल्याकडे कोण आहे ते बघा.

खूप काही शिकवणं

2014 च्या विश्वचषकाआधी स्ट्रूटमन जखमी झाल्यावर लुई व्हॅन हाल यांनी नेदरलँड्सला पाच बचावपटूंसह खेळवायचं ठरवलं आणि स्पेनला 5-1 हरवलं. मेक्सिकोविरुद्ध मागे पडल्यावर ते 4-3-3 कडे वळले, पाणी पिण्यासाठी मिळालेल्या विश्रांतीचाही सूचना द्यायला उपयोग केला आणि सामना 2-1 असा फिरवला. दोनच आराखडे होते, पण दोन्ही पक्के. त्यातही 4-3-3 डच खेळाडूंच्या लहानपणापासून अंगात मुरलेलं.

क्लबला तर दोन सामन्यांमध्ये दोन-तीनच सराव सत्रं मिळतात. त्यात चौथी-पाचवी योजना कोंबली की खेळाडू विचार करत उभे राहतात.

कॉर्नरचंही तसंच. सगळे जागा धरून किंवा सगळे माणूस धरून, असं टोक गाठू नका. जवळच्या खांबापाशी दोघे-तिघे जागेवर ठेवा, बाकीच्यांना माणसं वाटून द्या आणि त्या जोड्या दर सामन्याला बदला.

गोल खाल्ल्यावर व्हिडिओ शेवटच्या टॅकलवर थांबवू नका. दहा सेकंद मागे न्या आणि चेंडू गेला तेव्हा त्याच्या सर्वांत जवळचा आपला खेळाडू काय करत होता ते पाहा. सलग तीन गोलांत तो नुसता चालताना दिसला, तर बचावफळीला हात लावू नका. आधी पुढच्या तिघांचा सराव बदला.