कीबोर्डचा फोकस पडद्यावर ठळक कसा दाखवावा

माऊस वापरणाऱ्याला बाण दिसतो. कीबोर्डवर काम करणाऱ्याला मात्र ज्या बटणावर किंवा रकान्यावर फोकस आहे, म्हणजे दाबलेली कळ ज्याला लागू होईल, त्याभोवतीची कडच दिसते. ती गेली की तो आंधळेपणाने टॅब दाबत राहतो. तरीही 'डिझाइनमध्ये शोभत नाही' म्हणून ती सर्रास काढली जाते. शोभत नसेल तर शोभेल अशी करा. वेबपानावर सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने, ते सहज जमते.

आधी माऊस बाजूला ठेवा. टॅब दाबत सगळे पान फिरा, शिफ्ट-टॅबने मागे या आणि फोकस कुठे हरवतो ते टिपून घ्या. मग स्टाइलशीटमध्ये, म्हणजे सीएसएसच्या फाइलमध्ये, 'आउटलाइन: नन' हा कड काढून टाकणारा नियम शोधा. दोष बहुधा तिथेच सापडतो.

नवा नियम 'फोकस-व्हिजिबल' या सिलेक्टरवर (नियम कशाला लागू ते सांगणाऱ्या भागावर) लिहा. नुसत्या 'फोकस'वर लिहिला तर माऊसने बटण दाबल्यावरही कड उमटते, कुणाला तरी ती खुपते आणि पुन्हा काढली जाते. मजकूर लिहिण्याच्या रकान्यात मात्र क्लिक केल्यावरही कड दिसेल, आणि ते योग्यच आहे.

कड 'आउटलाइन'ने काढा. 'बॉर्डर' जागा व्यापते, त्यामुळे फोकस येताच शेजारचा मजकूर सरकतो. जाडी किमान २ पिक्सेल ठेवा. मला ३ बरी वाटते.

खरी कसोटी रंगाची. डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावे यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे) मधला फोकसच्या रूपाबद्दलचा निकष फोकस असताना आणि नसताना त्या पिक्सेलच्या रंगांत किमान ३:१ कॉन्ट्रास्ट मागतो. हा निकष एएए, म्हणजे सर्वांत कडक पातळीचा आहे, तरी तो पाळावाच असे माझे ठाम मत आहे. पानाची पार्श्वभूमी कुठे पांढरी, कुठे गडद असेल तर एक रंग सगळीकडे पुरत नाही. अशा वेळी दुहेरी कड करा: ३ पिक्सेलची पांढरी आउटलाइन, ऑफसेट (घटकापासूनचे अंतर) शून्य, आणि तिच्यामागे ६ पिक्सेल पसरलेली, अजिबात धूसर नसलेली गडद 'बॉक्स-शॅडो'. आत पांढरी, बाहेर गडद अशी जोडी उमटते आणि दोन्हींपैकी एक तरी उठून दिसते.

फक्त शॅडोवर विसंबू नका. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये शॅडो नाहीशी होते, आउटलाइन टिकते. म्हणजे ज्यांना कड सर्वांत जास्त हवी, नेमकी त्यांचीच जाते.

कड अर्धवट कापलेली दिसली तर बाहेरच्या डब्यावर 'ओव्हरफ्लो: हिडन' आहे का पाहा. ते हटवता येत नसेल तर आउटलाइनचा ऑफसेट ऋण करून कड आत घ्या. वर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली फोकस दडत असेल, तर मूळ घटकाला पट्टीच्या उंचीइतके 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' द्या.

डेस्कटॉप प्रोग्राममध्ये तत्त्व हेच, नावे वेगळी. टीके या खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनातल्या जुन्या विजेटना (बटणे, रकाने अशा घटकांना) 'हायलाइट-थिकनेस'ने जाडी आणि 'हायलाइट-कलर'ने फोकसचा रंग देता येतो. त्याच्याच नव्या टीटीके विजेटना हे पर्याय नाहीत, तिथे स्टाइलमधून बदल करावा लागतो. क्यूटी या तशाच दुसऱ्या साधनाच्या स्टाइलशीटमध्ये 'फोकस' ही अवस्था लिहून कड ठरवता येते.