लेकराचा ताबा आणि घराचं भांडण: नागपूरच्या कोर्टात फिरताना कळलेल्या चुका, या टाळा

लहान बहीण नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा कोर्टाच्या तारखांना तिच्यासोबत मीच जायचो, सिव्हिल लाइन्सला, भर मे महिन्यात सुद्धा. भाचा तेव्हा सहा वर्षांचा. वकील नाही मी, पण आता ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारते की दादा काय करायचं, आणि दर वेळी तेच सांगावं लागते, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक आमच्याच घरानं केली. लेकरू आणि फ्लॅट एकाच तराजूत टाकले. दोन्हीकडचे काका-मामा बैठकीला बसले, तिकडून आलं की फ्लॅटवरचा हक्क सोड आन् पोराला ठेव, इकडून आम्ही म्हटलं आधी फ्लॅट नावावर करून द्या मग पोराला भेटा. भाचा आतल्या खोलीत होता, सगळं ऐकत होता. नंतर कितीतरी दिवस आईला विचारायचा की मी बाबाकडे गेलो तर आपलं घर जाईल का. हे लिहिताना आजही पोटात तुटते.

कायद्यात हे दोन प्रश्न वेगळेच आहेत. ताबा ठरवताना लेकराचं हित सर्वात वर, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ हेच सांगते. घर कोणाचं ते कागदावर नाव कोणाचं आणि पैसे कोणी भरले यावर ठरते. पोटगी थकली म्हणून भेट बंद करायची नाही, भेट देत नाहीत म्हणून पोटगी थांबवायची नाही, दोन्हीसाठी वेगळा अर्ज करा.

आता ताब्याचे गैरसमज. "पाच वर्षं झाली की पोरगं बापाचं" हे मी किमान दहा जणांकडून ऐकलं असेल. कलम ६ एवढंच म्हणते की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहावं, पाच झाली की आपोआप बापाकडे असं कुठंच लिहिलेलं नाही. दुसरा गैरसमज आपल्या नागपुरात जास्त ऐकू येते, की आपण बौद्ध, आपल्याला हिंदू विवाह कायदा लागू नाही. लागू आहे, बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना. मुस्लिम किंवा ख्रिश्चन घरातल्या लेकराच्या ताब्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहेच, आणि त्या कायद्याचा अर्ज मूल नेहमी राहते तिथल्या कोर्टात लागते. त्यामुळे सुट्टीत आणलेलं पोरगं परत न पाठवता रातोरात दुसऱ्या गावी नेऊन ठेवायचं आणि तिथून केस टाकायची, हा सल्ला देणारे नातेवाईक खूप भेटतील, ऐकू नका, कोर्टापुढं तुमचीच बाजू पडते.

पढवू पण नका. मूल समजदार वयाचं असेल तर त्याची इच्छा कोर्ट विचारात घेते, जज कधी कधी चेंबरमध्ये एकट्याशीच बोलतात, आणि पाठ केलेलं बोलणं लगेच कळते. मी स्वतः भाच्याला गाडीत सांगितलं होतं, बाबाबद्दल काय सांगायचं ते. नको होतं सांगायला.

घराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच माणसं फसून राहिली. वेगळं झालं की अर्धं-अर्धं वाटून मिळते असं लोक धरून चालतात, आपल्याकडे तसा नियम नाही. सासऱ्याच्या नावच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क मिळू शकते, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ते स्पष्ट केलं, पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. स्त्रीधन मात्र पूर्ण तिचंच, म्हणून दागिन्यांची बिलं, लग्नातले फोटो, लॉकरचे कागद आधी गोळा करा. लेकराच्या नावचा प्लॉट असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय आई किंवा बाप विकू शकत नाही.

आणि होम लोन! दोघांची नावं असतील तर बँक दोघांना धरते, समझोत्यात "हप्ते नवरा भरेल" लिहिलं तरी बँकेला त्याचं काही नाही. एकाचं नाव कमी करायचं असेल तर बँकेकडून लेखी घेतल्याशिवाय सह्या करू नका. समझोत्यात "मानेवाड्याचा फ्लॅट बायकोला" एवढ्यावर भागत नाही, मौजा, खसरा, सिटी सर्व्हे नंबर सगळं आखीव पत्रिकेशी (म्हणजे प्रॉपर्टी कार्डाशी) जुळवून टाका, एनआयटीची (नागपूर सुधार प्रन्यासची) लीज असेल किंवा आरएलचा, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र मिळालेला प्लॉट असेल तर तिथं नाव बदलायला काय लागते तेही आधीच विचारून या. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायकोत केलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार आणि बाकी खर्च वेगळा, पण नातं कायद्यानं आहे तोवरच, घटस्फोट झाल्यावर नाही. हे आम्हाला उशिरा कळलं.

पोटगीसाठी दोघांनाही मिळकत आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागते, २०२० पासून सुप्रीम कोर्टानं तसं ठरवून दिलंय. पगार लपवू नका, बँक स्टेटमेंट निघतेच. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाई आणि लेकरू यांना कमाई कितीही असली तरी मोफत वकील मिळते, १९८७ चा कायदा आहे.

आदेश हातात आला आणि समोरचा पोराला पाठवतच नसेल तर चार जण घेऊन गेटवर जाऊ नका, लेकराच्या डोळ्यांपुढं तमाशा होते. दर वेळची तारीख-वेळ लिहून ठेवा, व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका की आलो होतो, भेट झाली नाही, आणि त्याच कोर्टात अर्ज लावा. आदेशाची नक्कल शाळेत देऊन ठेवा. ताब्याचा आदेश काही दगडावरची रेघ नाही, परिस्थिती बदलली तर बदलून मागता येते.

आमच्या आदेशात "महिन्यातून दोनदा आणि सणाला" असं लिहिलेलं, बस. कोणता शनिवार, किती वाजता, आणायचं कोणी, सोडायचं कोणी, काहीच नाही, आणि सण म्हणजे वकिलांच्या डोक्यात दिवाळी. पहिल्याच वर्षी तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी सजवून फिरवतात त्या सणाला, भांडण झालं, दोघांनी आपापल्या घरी नंदी आणून ठेवलेला आणि पोरगं रडत बसलं. मग बहिणीनं अर्ज देऊन आदेश नीट लिहून घेतला, वेळा टाकल्या, आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल टाकले. आता त्यात स्पष्ट आहे, तान्हा पोळ्याच्या दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक बघायला बाबासोबत, आणि चार वाजता नंदी सजवायला आईकडे.