गेमिंग राउटर घ्यायच्या आधी एवढं करून बघा

गेममध्ये पिंग (म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) जास्त येतोय म्हणून महागडा गेमिंग राउटर घेणार असाल तर जरा थांबा. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर तिथवरचं अंतर आणि तुमच्या इंटरनेट कंपनीची लाईन, हे कुठलाच राउटर बदलू शकत नाही, मग त्याला आठ अँटेना असोत नाहीतर लाल लाईट.

आधी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरलाच पिंग मारा, म्हणजे ping लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायफायवर आकडा मधेच २ वरून ८०-१०० वर उडत असेल आणि लॅनची वायर लावल्यावर १ वर गप्प बसत असेल, तर दोष वायफायचा आहे, इंटरनेटचा नाही. माझ्या भाच्याकडे हेच होतं, राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला, तो बाहेर काढला आणि पीसीला कॅट ६ प्रकारची लॅन वायर टाकली, तेवढ्यात काम झालं.

आणि घरात कोणी फोटो-व्हिडिओ अपलोड करायला लागलं की लगेच गेम अडकतो, असं असेल तर क्यूओएस किंवा एसक्यूएम (एकाच्या अपलोडमुळे बाकीच्यांचं नेट तुंबू नये म्हणून ट्रॅफिक सांभाळणारी सोय) असलेला राउटर खरंच उपयोगी पडतो, पण ते साध्या राउटरमध्येही मिळतं हो, त्यासाठी गेमिंगचा शिक्का लागत नाही.

घ्यायचाच असेल तर साधा वायफाय ६ वाला घ्या, फक्त वायर लावायचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) आहेत ना ते खोक्यावर वाचा, काही स्वस्त मॉडेलांत पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात आणि मग २०० चा प्लॅन घेऊन काय उपयोग!