'धोका निम्म्यावर', पण कशाच्या? आरोग्याचे आकडे सांगताना या चुका टाळा

आरोग्याची माहितीपत्रकं मराठीत लिहायचं आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासायचं काम मी करते. त्यात एक वाक्य हमखास भेटतं: 'या तपासणीमुळे मृत्यूचा धोका निम्म्यावर येतो.' वाक्य खोटं नसतं. पण वाचणारी बाई त्यातून काय धरते, ते बघा. तिला वाटतं, तपासणी केली तर शंभरातल्या पन्नास जणी वाचतात.

उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे गट पाडून कुठे एचपीव्ही (ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो तो विषाणू) याची चाचणी, कुठे दुसऱ्या तपासण्या, तर एका गटात फक्त नेहमीची सेवा आणि माहिती, असं ठेवलं. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी नसलेल्या गटात ६४. म्हणजे जवळपास निम्मे. (तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावरून पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती असं मला वाटतं. पण तो वेगळा लेख.)

आता छेद मांडा, म्हणजे हे मृत्यू एकूण किती बायकांमधले ते बघा. चाचणीच्या गटात ३४ हजारांवर बायका होत्या, दुसऱ्यात साडेएकतीस हजारांच्या आसपास. म्हणजे तपासणी नसेल तर आठ वर्षांत हजारी दोन मृत्यू, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने हजारी एक. पत्रकात असं लिहा: 'हजार बायकांनी चाचणी केली नाही तर आठ वर्षांत दोघी या कॅन्सरने जातात. केली तर एक जाते.' यात फायदा लपत नाही आणि फुगतही नाही. कार्यकर्त्यांची तक्रार असते, 'ताई, असं सांगितलं तर कुणी येणारच नाही.' येतात. एक बाई मला म्हणाली होती, "ती वाचणारी एक मीच असले तर?" हिशेब तिला अचूक कळला होता.

याच अभ्यासात दुसरी चूक उघडी पडते, ती म्हणजे 'किती रुग्ण शोधले' यावर यश मोजणं. चाचणीच्या गटात कॅन्सर सापडले १२७, तुलनेच्या गटात ११८. नुसता एवढाच आकडा बघणारा म्हणेल, तपासणीने कॅन्सर वाढला की काय! खरी गोष्ट पुढच्या रकान्यात आहे. दुसऱ्या टप्प्यात किंवा त्यापुढे गेलेले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. शिबिराच्या अहवालात 'इतके रुग्ण शोधले' एवढंच असेल, तर तो अहवाल अर्धा आहे.

दुष्परिणामाचा धोका सांगतानाही 'निम्म्यावर'सारखीच गफलत होते आणि तिथे ती जास्त महागात पडते. १९९५ साली ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला की, नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात सात हजार बायकांत एकीचा धोका दोघींवर गेला होता. घाबरून असंख्य जणींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. शिवाय गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. म्हणून फायदा 'निम्म्यावर' आणि दुष्परिणाम 'सात हजारांत एक', अशी सरमिसळ करू नका. दोन्हीकडे छेद एकच ठेवा. डॉक्टरांसाठी लिहितानाही हेच. पदवी असली तरी 'निम्म्यावर' ऐकून मान डोलतेच.

पैशाच्या बाबतीत गोंधळ एका शब्दाचा आहे: किफायतशीर. लोक त्याचा अर्थ स्वस्त असा घेतात. आरोग्याच्या अर्थशास्त्रात प्रश्न असतो, मोजलेल्या पैशाच्या मानाने गुण किती आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध सोडणाऱ्या स्टेंटची (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. किंमत उतरली, फार चांगलं झालं. पण चालताना छातीत दुखतं आणि बसलं की थांबतं, अशा स्थिर दुखण्याच्या रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या 'करेज' अभ्यासात (२००७) नीट औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट टाकूनही मृत्यू वा हार्ट अटॅक कमी झाले नव्हते. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या माणसाचं गणित पूर्ण वेगळं, तिथे स्टेंट जीव वाचवतो. वस्तू तीच, किंमत तीच, किफायत मात्र रुग्णागणिक बदलते. २०१७ पासून आपल्याकडे 'एचटीए इन' (हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया) ही सरकारी यंत्रणा असेच हिशेब मांडते.

आणि खर्च कुणाचा, तेही लिहा. 'तपासणी मोफत' छापताना एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी आणि सोबत आलेल्या नवऱ्याचा खाडा कुणी धरत नाही. बाई मात्र पहिल्यांदा तेच मोजते.

शेवटची चूक मी स्वतः केली होती. पत्रकात लिहिलं, 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यास घाबरू नका.' छपाईआधी एका मावशींना वाचायला दिलं आणि विचारलं, "घरी सुनेला काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच की गं, घाबरायचं कशाला?" मग वाक्य बदललं: 'विषाणू सापडला आहे. हा कॅन्सर नाही. बहुतेकदा विषाणू आपोआप जातो, पण पुढची तपासणी चुकवू नका.' एकाच्या चार ओळी झाल्या, तर छापखान्याने जागा पुरत नाही म्हणून अक्षर बारीक केलं. मावशींचा चष्मा आठवून मी ते परत मोठं करून घेतलं, आणि कोपऱ्यातला पाहुण्यांचा फोटो काढायला लावला.